गाईनं पास केलेली यंत्रं

तात्या गेल्यावर घरी भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य हमखास बोलायचा, "शिकले असते ना, तर मोठे इंजिनिअर झाले असते." बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असायचं, पण मला ते वाक्य टोचायचं. म्हणजे जन्मभर केलं ते तात्पुरतं, आणि व्हायचं राहून गेलं तेच खरं? गोठा आडवा आला, नाहीतर माणूस कुठल्या कुठे पोचला असता, असा त्यामागचा हिशेब. माझं मत अगदी उलट आहे. गोठा नसता तर तात्यांनी हातात पाना-पक्कड धरलीच नसती.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. धंदा दुधाचा. दावणीला कधी आठ गाई, कधी बारा. बरे दिवस आले की वीसपर्यंत. गोठ्याला लागूनच पत्र्याची एक खोली होती, तिला आम्ही सगळे 'कारखाना' म्हणायचो. आत वाइस, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, कानशी आणि भिंतीला ओळीनं टांगलेले नटबोल्टचे डबे. शाळेत माणूस फार रमला नाही हे खरं. पण "शिकले असते तर" म्हणणाऱ्यांनी त्यांना शिकताना पाहिलंच नव्हतं. त्यांची शिकायची वेळ पहाटे चारची, आणि जागा गाईच्या पोटाखाली.

या धंद्याला सुट्टी नाही, हे सगळेच सांगतात. त्याचा यंत्रांशी काय संबंध, ते मात्र गोठ्यात राहिल्याशिवाय कळत नाही. पिठाची गिरणी बंद पडली तर पाटी लावता येते, मिस्त्री येईल तेव्हा येईल. गाईला पाटी लावता येत नाही. एक धार चुकली की कास तटतटते, सडांतून दूध गळायला लागतं. दाब फार वेळ तसाच राहिला तर दूध तयार होणंच मंदावतं आणि कासदाह मागे लागतो. शिवाय काढलेलं दूधही थांबत नाही. सडातून बाहेर पडताना ते ३८ अंशांच्या आसपास असतं, आणि त्या उबेत काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे मोटर जळो, पट्टा तुटो, वीज जावो, दुरुस्तीला मुदत मिळते ती तासाभराची. असं वर्षानुवर्षं चाललं की माणसाला आपोआप खोड लागते. कुठलीही वस्तू विकत आणली की तिचं झाकण उघडून आधी आत बघायचं. हौस वगैरे नंतरची गोष्ट. मुळात ती भीती होती.

वीज जाण्यावरचा त्यांचा तोडगा मला अजून आवडतो. दूध काढायच्या मशीनला लागते ती निर्वात ओढ, म्हणजे व्हॅक्युम. पंप चालत नसेल तर ती आणायची कुठून? तात्यांकडे पाणी उपसायचं एक जुनं पेट्रोल इंजिन होतं. पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, आणि त्याच्या कार्ब्युरेटरची झडप ती वाट अडवून धरते. त्यामुळे झडप आणि इंजिन यांच्या मधल्या नळीत चांगली ओढ तयार होते. तिथं त्यांनी भोक पाडून तोटी बसवली, मध्ये एक बंद डबा ठेवला, म्हणजे चुकून दूध किंवा पाण्याची वाफ आली तरी डब्यात पडेल, आणि पाइप थेट मशीनच्या लाइनला जोडला. झालं काम. हीच युक्ती शेजारच्या एकानं डिझेल इंजिनावर करून पाहिली आणि पाइपला हिसकाही बसला नाही. डिझेलमध्ये हवा अडवणारी झडपच नसते, ती वाट उघडीच असते. तात्यांनी त्याला ते अर्धा तास समजावलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "कळलं नाही त्याला. पण मान हलवत होता, म्हणून मीही थांबलो नाही."

आता मशीनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तात्यांचा अर्धा जन्म त्यात गेला. सडाला लावायचा कप दुहेरी असतो. बाहेर स्टीलचं कवच, आत रबराची नळी, तिला लायनर म्हणतात. लायनरच्या आत ओढ सतत असते, साधारण चाळीस ते पन्नास किलोपास्कल. खरी गंमत कवच आणि लायनर यांच्या मधल्या पोकळीत असते. तिथं पल्सेटर आळीपाळीनं ओढ आणि बाहेरची हवा सोडतो, मिनिटाला साठेक वेळा. ओढ आली की लायनर उघडतो, दूध वाहतं. हवा आली की लायनर मिटतो, सड दाबला जातो आणि त्याला उसंत मिळते. ही उसंत नसेल तर सडाच्या टोकाशी रक्त साकळतं, सूज येते, गाय लाथ मारते. वासरू तरी दुसरं काय करतं? ओढतं, गिळायला थांबतं, पुन्हा ओढतं.

एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला किती वर्षं लागली, ते मी पुढे शिकायला शहरात गेल्यावर वाचलं. एकोणिसाव्या शतकात लोकांनी सडांत सरळ पोकळ नळ्या खुपसून पाहिल्या. दूध आपोआप गळायचं, पण त्या नळ्या रोग आत न्यायच्या आणि सडाचं तोंड कायमचं सैल करायच्या. १८७९ मध्ये अमेरिकेत न्यूअर्क इथल्या अ‍ॅना बाल्डविन या बाईंनी हातपंपावर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. अख्ख्या कासेला रबराची वाटी लावायची, पंपाचा दांडा मारायचा, दूध बादलीत. ओढ होती, उसंत नव्हती. १८८९ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम मर्चलँड यांचं यंत्र आलं, तेही सतत ओढणारं. मग ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्स यांनी १८९० च्या दशकात ओढ कमी-जास्त करणारी रचना आणली, आणि १९०३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर गिलीज यांनी दुहेरी कप आणि पल्सेटर यांची जोडी जमवली. आजही जगभर गाईंना लागतात ते कप मुळात त्याच कल्पनेचे. मधल्या काळात स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी करणारा फिरता सेपरेटर करून दाखवला होता आणि तो जगभर चालला. पण त्यांनाही दूध काढायचं यंत्र काही साधलं नाही. १९१३ मध्ये ते वारले तोवर त्यांच्या कंपनीकडे चालणारं मशीन नव्हतं. सेपरेटरला फक्त दूध पटवायचं होतं. इथं गाय पटवायची होती.

तात्यांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्यांनी पहिलं मशीन घेतलं ते जुनं, कुणीतरी कंटाळून काढून टाकलेलं. लावल्याबरोबर तांबड्या गाईनं असं झुगारलं की कप गव्हाणीत जाऊन पडला. घरातले म्हणाले, गाईला सवय नाही, होईल. तात्यांनी कप उचलला, धुतला, स्वतःचा अंगठा आत घातला आणि मशीन चालू केलं. गाईला दूध द्यायला लागतात तेवढी मिनिटं ते तसेच उभे राहिले. अंगठा बाहेर काढला तेव्हा टोक जांभळं पडलं होतं आणि मुळाशी गोल वळ उठला होता. "हिचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

पुढे तो नियमच झाला. कुठलाही बदल केला, नवा लायनर घातला, पल्सेटर खोलून साफ केला, की आधी अंगठा, मग गाय. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायचे असतात, कारण रबर ताण हरवून बसतं आणि मिटायला आळस करायला लागतं. वरून पाहिलं तर लायनर चांगलाच दिसतो, म्हणून लोक वापरत राहतात. तात्या वहीत हिशेब ठेवायचे. त्या वहीत एकाच पानावर कुठली गाय कधी भरली, कुठली कधी आटवायची, आणि खाली लायनरची जोडी किती धारा झाली, असं सगळं एकाच अक्षरात, एकाच शाईत लिहिलेलं असायचं. त्यांच्या लेखी गाई आणि यंत्रं हे दोन विषय नव्हतेच.

मी म्हणतो ते यासाठी. ते इंजिनिअर झाले असते तर त्यांची यंत्रं पास करायला साहेब असता, ग्राहक असता, कागद असता. इथं पास करायला गाय होती. तिला नक्षा दाखवता येत नाही, तिची समजूत घालता येत नाही आणि तिला भीडही पडत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका त्यांच्या एका लाडक्या यंत्राला बसला. धारेच्या वेळी गाईपुढे आंबोण, म्हणजे पेंड-भुश्याचं खाद्य, आपोआप पडावं म्हणून त्यांनी एक पेटी केली होती. दोरी ओढली की एकाच वेळी सगळ्या झडपा उघडायच्या आणि प्रत्येक गव्हाणीत मापानं आंबोण पडायचं. काम बघण्यासारखं होतं. पेटी पत्र्याची होती, आणि झडप मिटताना खाडकन आवाज व्हायचा. दुसऱ्या दिवसापासून दूध कमी. गाई खात होत्या, पण पान्हा सोडत नव्हत्या.

त्याचं कारण असं. गाईची कास धुतली, चोळली की मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, मिनिटभरात ते कासेपर्यंत पोचतं आणि दूध खाली येतं. त्याचा जोर टिकतो पाच-सात मिनिटं. तेवढ्यात गाय दचकली तर अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि सगळं अडतं. १९४१ मध्ये अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी हे सिद्ध करायला जो प्रयोग केला, तो वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि तिच्याजवळ दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. गाईनं दूध दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. "मांजर कशाला? माझी पेटी न्यायची होती."

पेटीला त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर लावून पाहिलं, झडपांना तेल घातलं, आवाज निम्म्यावर आणला. गाई तरीही ऐकेनात. एकदा मनात बसलं ते बसलं. मग एका संध्याकाळी त्यांनी सगळी पेटी सोडवून पत्रा वेगळा, दोरी वेगळी करून ठेवली आणि पुन्हा पाटीनं आंबोण घालायला लागले. माणसांशी इतके हट्टी असलेले तात्या गाईपुढे इतक्या सहज हरायचे, याचं मला नवल वाटायचं. भावकीतल्या एका क्षुल्लक वादात त्यांनी कित्येक वर्षं अबोला धरला होता. आणि घरच्या मोरीतला नळ? तो मी कळता झाल्यापासून ठिबकत होता. गोठ्यात थेंब वाया जाऊ न देणारा माणूस घरात त्या नळाखाली बादली सरकवून निघून जायचा. त्यांच्याबद्दल चांगलंच लिहायचं म्हणून हे गाळावं असं मला वाटत नाही.

दूध गार करायची त्यांची रचना मात्र लाखात एक होती. चाळीस लिटरचा कॅन पाण्याच्या हौदात ठेवून गार करायला फार वेळ लागतो, कारण बाहेरचं दूध गार होतं आणि मधलं तसंच उबदार राहतं. तात्यांनी दूध कॅनमध्ये जाण्याआधीच गार करायचं ठरवलं. स्टीलची लांब नळी वेटोळी केली, ती मोठ्या नळीत घातली. आतून दूध वरून खाली, बाहेरून विहिरीचं पाणी खालून वर. उलट्या दिशेनं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून नळीवर वरपासून खालपर्यंत फिरवला. वर कोमट दुधाला कोमट झालेलं पाणी भेटतं, खाली गार झालेल्या दुधाला ताजं गार पाणी. म्हणजे शेवटच्या वितीपर्यंत पाणी दुधापेक्षा गारच राहतं आणि ओढून घ्यायचं काम करत राहतं. दोन्ही एकाच दिशेनं सोडले तर अर्ध्या वाटेत दोघांचं तापमान सारखं होऊन पुढची नळी फुकट जाते. उष्णतेच्या अभ्यासात हे पुढे मला समीकरणांसकट शिकवलं गेलं. परीक्षेत मी ते लिहिलं तळहाताच्या आठवणीवर. वरून निघणारं कोमट पाणी ते गाईंच्या हौदात सोडायचे. थंडीच्या दिवसांत गाई गार पाणी तोंड लावून सोडून देतात. हे पाणी भरपूर प्यायच्या, आणि पाणी प्यायल्याशिवाय दूध कुठून येणार?

दुधाची फॅट काढायचं यंत्रही त्यांनी सायकलच्या चाकापासून केलं होतं. काही दिवस त्यांना दुधाच्या मापाबद्दल शंका येत होती, म्हणून. नुसता लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा जडपणा मोजायची काचेची नळी, फसतो हे त्यांना ठाऊक होतं: साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं, दोन्ही बेतानं केलं तर लॅक्टोमीटर साळसूदपणे बरोबर आकडा दाखवतो. फॅट मोजायची सोपी रीत अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये बसवली आणि तिचं पेटंट घ्यायचं नाकारलं, म्हणून ती गावोगावच्या दूधवाल्यांच्या हाती लागली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांची रीत आली: काचेच्या नळीत दहा मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर दूध, वर थोडं अमाइल अल्कोहोल, आणि मग गरगर फिरवायचं. आम्ल बाकी सगळं विरघळवतं, फॅट वर येऊन नळीच्या मानेत बसते आणि तिथल्या आकड्यावर वाचता येते. फिरवायचा वेग मिनिटाला अकराशे फेऱ्यांच्या आसपास. आम्लानं भरलेल्या काचेच्या नळ्या सायकलच्या चाकावर, त्याही या वेगानं! काकूंनी सरळ सांगितलं, "हे घराच्या शंभर पावलांत चालवायचं नाही." ते बांधावर जाऊन चालवलं गेलं. एक नळी फुटली, सुदैवानं कुणाला लागलं नाही, आणि शंका बिनबुडाची निघाली. ते चाक पुन्हा सायकलला लागलं.

आता जे लिहायचं आहे ते मी टाळत आलोय.

त्या तांबड्या गाईची गोष्ट. मशीन झुगारणारी तीच. ऐन दुधात असताना तिनं खाणं कमी केलं, पाठ कमानीसारखी धरली, पुढचे पाय कोपरातून बाहेर टाकून उभी राहायला लागली. उतारावरून चालताना कण्हायची. डॉक्टर आले, त्यांनी छातीच्या मागे मुठीनं दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. गाय वैरण जिभेनं गुंडाळून घेते आणि फारशी न चावता गिळते. ओठांनी निवडणं तिला जमत नाही. त्यात खिळा-तार आली तर तीही आत जाते. जड वस्तू पोटाच्या जाळीदार कप्प्यात पडते आणि तिथंच राहते. त्या कप्प्याच्या पुढे पडदा, पडद्यापलीकडे हृदय. कप्पा आकुंचन पावतो तशी तार पुढे पुढे सरकते.

गाय वाचली नाही. शवविच्छेदनात तार निघाली, बोटाएवढी. डॉक्टरांनी ती धुऊन तात्यांच्या हातावर ठेवली. तात्यांच्या पक्कडीच्या पात्याला एक खाच होती, तिनं तोडलेल्या प्रत्येक तारेच्या टोकाला एक बारीक ओठ राहायचा. त्यांनी तारेचं टोक अंगठ्यावर फिरवलं. मी शेजारीच होतो. त्यांनी मला काही सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती; ती पक्कड मीही वापरलेली होती.

कितीतरी दिवस कारखान्याचं दार उघडलं नाही. मग उघडलं ते एका कामासाठी. जुन्या स्पीकरांतली चुंबकं काढून त्यांनी ती लाकडी फळीखाली ओळीनं बसवली, फळीला दोन चाकं आणि दांडा. रोज धारेच्या आधी गोठ्यापुढची जागा, कडबाकुट्टीभोवतालची जागा, गव्हाणीचा काठ, सगळीकडून ती फळी फिरायची. पहिल्या आठवड्यात निघालेल्या खिळ्या-तुकड्यांनी एक डबा भरला. कुट्टीच्या तोंडाशीही एक चुंबक लागलं, कारण वैरणीत आलेल्या तारेचे तुकडे करून त्यांना टोकं काढायचं काम कुट्टीच करते. आणि प्रत्येक गाईला डॉक्टरांकडून एकेक गुळगुळीत चुंबक गिळवलं. ते त्याच कप्प्यात जन्मभर बसून राहतं आणि लोखंड आलं तर धरून ठेवतं, पुढे सरकू देत नाही. पक्कड त्यांनी फेकली नाही. पात्याची खाचही घासली नाही. तार तोडली की तुकडा खिशात, हा नियम मात्र आला, आणि त्यांच्या सदऱ्याचे खिसे कायम फाटलेले असायचे ते त्यामुळे.

हुशार माणसाच्या आठवणी सांगताना लोक फक्त जमलेल्या गोष्टी सांगतात. मला वाटतं, तात्या समजून घ्यायचे तर ती चुंबकांची फळी बघावी. तिच्यात हुशारी अशी काहीच नव्हती.

म्हातारपणी त्यांचे कान गेले. आवाजावर जगलेल्या माणसाचे कान जावेत! पूर्वी ते अंथरुणातून सांगायचे, "पल्सेटर बावन्न मारतोय, साठ नाही", आणि घड्याळ लावून मोजलं तर बावन्नच भरायचे. कान गेल्यावर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायला सुरुवात केली. हाडातून आवाज जातो, पडद्याची गरज लागत नाही. बेअरिंग कोरडं पडलंय, पट्टा सैल आहे, हे त्यांना तसंही कळायचं. आणि गाईच्या डाव्या कुशीत मूठ रोवून ते शांत उभे राहायचे. पोट नीट चाललं असेल तर मिनिटाला एक-दोनदा आतून लाट येऊन मूठ उचलली जाते. पंपाला स्क्रू-ड्रायव्हर, गाईला मूठ, अशी त्यांची पहाटेची फेरी शेवटपर्यंत चालू होती.

इंजिनिअरच्या वाक्याकडे पुन्हा यायचं तर, मी त्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी होती. न्यूझीलंडच्या वायकाटो भागात रॉन शार्प या दूधवाल्या शेतकऱ्यानं १९५२ मध्ये गाई तिरक्या उभ्या करायचा गोठा बांधला. मध्ये खड्डा, खड्ड्यात माणूस, दोन्ही बाजूंना तिरक्या ओळीत गाई. कासा जवळजवळ येतात आणि माणसाच्या हाताच्या उंचीला येतात. वाकणं संपतं, चालणं कमी होतं. १९६९ मध्ये तिथल्याच तारानाकी भागातल्या मर्व्ह हिक्स या शेतकऱ्यानं गाईंसाठी फिरता गोल ओटा केला. माणूस जागेवर, गाई फिरून येतात. विजेच्या कुंपणाचे बिल गॅलाघरही वायकाटोचेच. त्यांची गोष्ट अशी सांगतात की घोडा मोटारीला अंग घासायचा, म्हणून १९३० च्या दशकात त्यांनी घोड्याला मोटारीचाच झटका बसेल अशी सोय केली. या लोकांच्या कल्पना आज जगभर वापरल्या जातात. त्या सुचल्या त्यांना, कारण पाठ त्यांची दुखत होती.

आमच्या गोठ्यातही ओटा होता. कमरेएवढा उंच, चढायला उतरती वाट, वर एका वेळी चार गाई. तात्यांनी बांधला तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं, आणि नंतर दोन-चार जणांनी तसेच बांधले. त्यांच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टींत तो ओटा सगळ्यात पुढचा, असं मी नेहमी धरून चालायचो.

तात्या गेल्यावर काही महिन्यांनी काकूंनी भंगारवाल्याला बोलवायचं ठरवलं. चुलतभाऊ आणि मी मदतीला. आम्हाला वाटलं, त्या आठवण म्हणून सगळंच ठेवतील. त्या पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लावली. आंबोणाच्या पेटीचा पत्रा: "जाऊ दे." फॅटच्या यंत्राचा उरलेला सांगाडा: "आधी तो जाऊ दे." गार करायची नळी ठेवली. चुंबकांची फळी ठेवली. बेअरिंगांचे डबे त्यांनी स्वतः निवडले, गंजलेली डाव्या बाजूला, फिरणारी उजव्या, प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी नेत. मला तेव्हा आठवलं की कासदाहाची तपासणी या घरात नेहमी काकूच करायच्या; पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेऊन गुठळी बघणं, धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात दूध मिसळून ते चिकट होतंय का बघणं. ही साबणाची रीत १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी मांडली. आजारी कासेच्या दुधात पेशी जास्त असतात, साबणानं त्या फुटल्या की दूध ओघळायच्या ऐवजी जेलीसारखं धरतं. काकूंना ती कुणी दाखवली ते मी कधी विचारलं नव्हतं.

"ओटा तरी आहे तसाच राहणार," चुलतभाऊ म्हणाला. "तात्यांची सगळ्यात भारी आयडिया."

"ओटा माझा," काकू हातातलं बेअरिंग न ठेवता म्हणाल्या. "ते खड्डा खणायला निघाले होते. म्हटलं, खड्ड्यात पाणी साचेल, शेण साचेल, आणि ते उपसणार कोण? गाईच वर घ्या. गुडघे माझेही गेले होते की."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या पुढच्या वस्तूकडे वळल्या होत्या: ते पेट्रोल इंजिन, तोटी, डबा, पाइप. हे ठेवायचं की काढायचं? आता इन्व्हर्टर आहे, जनरेटर आहे, चुलतभाऊ म्हणाला. काकूंनी विचार केला. "चालू करून बघ."

टाकी धुतली, प्लग घासला, दोरी कितीदा तरी ओढली, तेव्हा कुठे धूर काढत ते सुरू झालं. काकूंनी मशीनचा एक कप पाइपला जोडायला लावला, तो धुतला आणि अंगठा आत घातला. आम्ही थांबलो. इंजिन धडधडत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी अंगठा काढला, उजेडाकडे धरून बघितला.

"ओढ कमी आहे. डब्याच्या झाकणाचं रबर बदला, मग ठेवू."